अक्का, त्या मुनिया कुठून आल्या?

अक्का, तू गेल्यावर तुझ्या जलदानाच्या दिवशी मंडपात शेवटच्या रांगेत एक माणूस बसला होता. त्याला कुणीच ओळखत नव्हतं. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं तेव्हा त्याचे हात जोडलेले होते, ओठ मात्र हलले नाहीत. तुझ्या कॉलेजातले सर तुझ्याबद्दल बोलले, पोरी रडल्या, आणि हा माणूस तेवढा वेळ तुझ्या घराच्या मागच्या खोलीकडं बघत राहिला. मी खीर वाटत त्याच्यापर्यंत गेले. वाटी घेताना त्याची नजर माझ्या कमरेच्या किल्ल्यांवर गेली. त्याच दुपारी मी मागच्या खोलीला दुसरं कुलूप लावलं. तूही तेच केलं असतंस, हे मला कुलूप लावून झाल्यावर सुचलं.

आपल्या घरात संशय तुझ्या वाट्याला आणि भोळेपणा माझ्या वाट्याला, अशी वाटणी मायनं आपल्या लहानपणीच करून टाकली होती. माय दुसऱ्याच्या रानात निंदायला जायची आणि बाभळीखाली मला तुझ्याजवळ ठेवायची. तू स्वतः केवढी होतीस. पण मडक्यातलं पाणी मला द्यायच्या आधी त्यात डोकावून बघायचीस. कुणी गोड बोलून हातावर गूळ ठेवला, तर तो आधी तू चाखायचीस. मला राग यायचा, कारण चाखून चाखून अर्धा गूळ तूच संपवायचीस. शाळेत मला कुणी पोरीनं ‘आमच्या घरी चल’ म्हटलं की तू आधी जाऊन बघून यायचीस, तिच्या घरचे मला ओट्यावर बसवतील की अंगणातच ठेवतील. हे तू तेव्हा सांगितलं नाहीस. मला वाटायचं, अक्काला माझ्या मैत्रिणी आवडत नाहीत. फार उशिरा कळलं की तू माझ्या पुढं चालत होतीस.

म्हणून तू भोकरला कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागलीस आणि मी मुदखेडच्या दवाखान्यात नर्स झाले, तेव्हाही तुझा तो स्वभाव मला ओझं वाटला नाही. सुट्टीच्या दिवशी मी मुदखेडहून गाडीत बसून तुझ्याकडं यायचे. तू येसर घालून आमटी करायचीस, आणि जेवण झालं की आपण डोंगराकडं निघायचो. पण सरळ कधीच नाही. आधी बाजारात जायचं, तिथून दुसऱ्याच पांदीला लागायचं, मध्ये थांबून मागं बघायचं. मी हसायचे. “अक्का, आपण पाखरं बघायला चाललो का दरोडा घालायला?” तू म्हणायचीस, “पाखरावर दरोडा घालणारे मागून येत असत्यात, सुमे.”

त्याला कारण होतं. मुदखेडजवळच्या तळ्यावर तुला एकदा लाल मुनियांचा थवा दिसला होता. खुशीत येऊन तू फोटो काढलास आणि तळ्याच्या नावासकट मोबाइलवर सगळ्यांना पाठवलास. पुढच्या वेळी आपण दोघी गेलो, तर काठावर बारीक जाळ्याचे तुकडे अडकलेले होते आणि गवतात पिसं पडली होती. तू ती पिसं उचलली नाहीस. फक्त म्हणालीस, “हे मी केलं.” त्यानंतर तू फोटोतलं मागचं झाडसुद्धा पुसून टाकायला लागलीस. झाड ओळखलं की डोंगर सापडतो, म्हणायचीस.

आणि मग ती दिसली. पावसाळा सरला होता, डोंगराच्या उतारावर पवना आणि कुसळी गवत कमरेइतकं वाढलं होतं. तू माझं मनगट इतक्या जोरात दाबलंस की बांगडी रुतली. गवताच्या काडीवर एक पाखरू उलटंसुलटं होऊन बी काढून खात होतं. चिमणीहून लहान. पाठ हिरवी, पोट पिवळं, चोच लालभडक, आणि कुशीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. मला वाटलं, कुणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटलेलं परदेशी पाखरू असेल. तू मात्र हळू आवाजात सांगितलंस की ही हिरवी मुनिया. आपल्या देशाबाहेर ती रानात कुठं मिळत नाही, आणि आपल्याकडंही तुटक तुटक, एखाद्या डोंगरावर, एखाद्या खोऱ्यात उरलीय. दिसायला देखणी आहे हाच तिचा घात. लोक धरतात, पिंजऱ्यात घालतात, विकतात. जगभरच्या पाखरांची जी यादी ठेवतात, तिच्यात तिच्या नावापुढं ‘असुरक्षित’ लिहिलंय. मी विचारलं, “म्हणजे संपणार?” तू म्हणालीस, “म्हणजे अजून संपली न्हाई. अजून कुणीतरी काहीतरी करू शकतंय.”

त्या दिवशी परतताना तू मला रसवंतीवर रस पाजलास आणि माझ्याकडून वचन घेतलंस की घरी यातलं काही बोलायचं नाही. मी वचन दिलं. ते पाळलंसुद्धा. तुला ते कधी खरं वाटलं की नाही, मला ठाऊक नाही.

कारण पुढच्याच वर्षी त्या डोंगराची खडी काढायचं ठरलं. खाली क्रशर बसलं, उतारावर चुन्याच्या खुणा पडल्या. आणि आमच्या ह्यांचे दोन टिप्पर त्या क्रशरवर लागले. मी तुला ते सांगितलं तेव्हा तू भाकरी थापत होतीस. हात थांबला नाही. फक्त म्हणालीस, “पाहुण्यांचा धंदा हाय. त्यांनी करावा.” आणि त्या रविवारी आपण डोंगराकडं गेलो नाही. पुढच्याही रविवारी नाही. तुझे गुडघे दुखत होते म्हणे.

तुझ्या अर्जाची बातमी मला ह्यांच्याकडून कळली. विमल मॅडमनी हरकत घेतली, डोंगरावर दुर्मिळ पाखरू हाय म्हणून. वनखात्याचे साहेब लोक आले, तू त्यांना पुढच्या उतारावर मुनिया दाखवल्यास, आणि चौकशी होईपर्यंत काम थांबलं. हे घरी येऊन चप्पल काढता काढता म्हणाले, “तुझ्या अक्कानं टिप्पर उभे केले.” ओरडले नाहीत. मी पाणी दिलं. त्या दिवसापासून आमच्या घरात तुझं नाव निघालं की कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवायचं.

मग गावात बोलणं सुरू झालं. मॅडमनं पाखरं बाजारातून इकत आणली, अन् डोंगरावर सोडून दिली. एवढ्या वर्षांत कुणाला दिसली न्हाईत, खडी निघायच्या वक्ताला बरी उगवली. मी दवाखान्यात इंजेक्शन देताना बायका माझ्यासमोर हे बोलायच्या, मी तुझी बहीण आहे हे माहीत असून. मी म्हणायचे, माझी अक्का असं करणार नाही. मी स्वतः पाहिली होती मुनिया, क्रशरच्या आधी. पण मनात एक कुसळ घुसलंच. मी पाहिलेली एकच होती. आणि मला पहिल्यांदा काय वाटलं होतं? पिंजऱ्यातून सुटली असेल.

आता तो दिवस. मी न कळवता आले होते. तुझं दार लोटलेलं होतं, तू मागच्या खोलीत होतीस. जमिनीवर बाजरीचा कोंडा सांडला होता. खिडकीत ओला फडका टाकून झाकलेला पिंजरा होता आणि फडक्याआडून बारीक, उंच आवाज येत होता. तू बाहेर आलीस तेव्हा तुझ्या बाहीला एक हिरवं पीस चिकटलं होतं. आपण त्याबद्दल पुन्हा कधी बोललो नाही, म्हणून ते बोलणं मला शब्द न् शब्द आठवतं.

“पिंजरा कशाला, अक्का?”

“पोरींना दाखवायला. प्रॅक्टिकल हाय.”

“देशी पाखरू पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा हाय म्हणून तूच सांगतीस.”

“चहा घे. थंड होऊन राहिला.”

“लोक म्हणून राहिले, तू पाखरं इकत आणून सोडलीस. खरं हाय का?”

तू कपबशी खाली ठेवलीस. माझ्याकडं बघितलंस, लहानपणी त्या गूळ देणाऱ्यांकडं बघायचीस तसं. “हे तू इचारून राहिलीस, का पाहुणे?”

मला कुणीच पाठवलं नव्हतं. पण मी ते म्हणाले नाही, कारण म्हणावं लागावं याचाच मला राग आला. मी पर्स उचलली आणि स्टेशनवर येऊन बसले. गाडीला बराच वेळ होता. तू मागून येशील असं वाटलं होतं. तू आली नाहीस.

नंतर आपण फोनवर बोललो, तुझ्या गुडघ्यांबद्दल, माझ्या बीपीबद्दल, तुरीच्या डाळीबद्दल. मग एका सकाळी तुझ्या शेजारणीचा फोन आला. मी नर्स आहे अक्का, ‘दवाखान्यात नेलंय, लवकर या’ याचा अर्थ मला वेगळा सांगावा लागत नाही.

तो माणूस परत आला. मी तुझं घर आवरायला भोकरला थांबले होते. भर दुपारी दारात उभा राहून म्हणाला, “मी नरसिंग. देगलूरकडला. अक्का वळखत होत्या मला.”

माझ्या अक्काला तो अक्का म्हणत होता. तिकडं सगळेच मोठ्या बाईला अक्का म्हणतात, हे मला कळतं. तरी टोचलं.

“काय काम हाय?”

“पिंजरा हाय का घरात? माझा हाय तो.”

“कसला पिंजरा? इथं पिंजराबिंजरा काही न्हाई.”

त्यानं चपला दारातच काढल्या. मग म्हणाला, “ताई, मागच्या खोलीत हाय. खिडकीच्या आंगाला. तुम्ही दोन कुलपं लावली म्हणून मला कळलं, अजून तिथंच हाय.”

मला वाटलं, क्रशरवाल्यांनी पाठवलाय. पिंजरा हातात मिळाला की काम झालं, फोटो काढून साहेबापुढं ठेवतील. मी त्याला आत घेतलं, पण दार उघडं ठेवलं आणि शेजारणीला हाक मारून ओट्यावर बसवलं. “मोबाइल काढा,” मी म्हणलं. “बंद करून हितं टेबलावर ठेवा.”

त्यानं मोबाइल बंद करून ठेवला आणि पहिल्यांदा थोडा हसला. “अक्कानं बी पहिल्या दिशी हेच केलं.”

मग त्यानं जे सांगितलं, ते तुला ठाऊकच आहे. तरी मी ऐकलं ते तुला सांगते, कारण त्यात खरं किती हे तुझ्याशिवाय कुणाला विचारू?

तो पाखरं धरायचा. बापही धरायचा. त्यांच्याकडं हिरव्या मुनियेला पच्चपिट्टा म्हणतात, तेलुगूत, हिरवं पाखरू. साध्या मुनिया रंगवून हिरव्या म्हणूनही विकायचा, ते त्यानं न लाजता सांगितलं. नांदेडच्या बाजारात एकदा तू त्याच्यासमोर उभी राहिलीस. बोट ओलं करून एका पाखराच्या पाठीवरून फिरवलंस. रंग निघाला. दुसऱ्या पिंजऱ्यातल्या पाखरावरून फिरवलंस. निघाला नाही. त्याला वाटलं, आता पोलिसांना फोन लावणार.

“मग?”

“अक्का म्हणाल्या, ही कुठं धरली ते सांग. मी म्हणलं, ठावं न्हाई, येपाऱ्यानं दिली. त्या म्हणाल्या, खोटं बोलून राहिलास, तुझ्या धोतराला कुसळी हाय. मग सांगितलं. भोकरच्या पुढचा डोंगर. तुमच्या अक्काचाच डोंगर, ताई. क्रशर यायच्या लई आधीपासून आम्ही तिथं जाळं लावून राहिलो.”

तू त्याला पकडून दिलं नाहीस. म्हणालीस, जिथनं उचलली तिथंच नेऊन सोड, मी संगं येते. तो आला. तुम्ही दोघांनी ती पाखरं डोंगरावर सोडली. ज्यांची पिसं जाळ्यात तुटली होती, ती पिसं फुटेपर्यंत तू घरी ठेवलीस, त्याच्याच पिंजऱ्यात.

म्हणजे लोक म्हणत होते ते खरं होतं. तू बाजारातली पाखरं डोंगरावर सोडली होतीस. आणि ते खोटंही होतं, कारण ती त्याच डोंगराची होती. पण हे तू कुणाला सांगणार? सांगितलं असतंस तर नरसिंग आत गेला असता, आणि क्रशरवाल्यांना त्यातलं अर्धंच वाक्य पुरलं असतं.

हे सगळं बरोबर बसत होतं. फार बरोबर बसत होतं, आणि म्हणूनच मला ते पटेना. पढवून पाठवलेला माणूसही असंच बोलला असता. मी म्हणलं, “मला दाखव, कुठं धरत होतास ते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. मी शेजारणीला सोबत घेतलं, तिला डोंगराच्या पायथ्याशी देवळाच्या सावलीत बसवलं आणि सांगितलं, ऊन डोक्यावर यायच्या आत मी आले नाही तर ह्यांना फोन कर. नरसिंग ते ऐकून पुढं चालायला लागला. आपण दोघी ज्या उतारावर जायचो, साहेबांना तू जिथं मुनिया दाखवल्यास, तिथं तो थांबलाच नाही. वर चढून पलीकडं उतरला. मला धाप लागली होती. खाली एक लहानसा पाझर तलाव होता, त्याच्या काठानं पाणकणीस दाट वाढलेलं. अक्का, इतकी वर्षं मी तुझ्यासोबत त्या डोंगरावर आले, आणि पलीकडं तलाव आहे हे मला माहीत नव्हतं.

“बसा,” तो म्हणाला. “बोलू नगा.”

आम्ही बसलो. बऱ्याच वेळानं तो बारीक आवाज आला, तुझ्या फडक्याआडून आला होता तोच. एक मुनिया पाणकणसाच्या पात्यावर उतरली, मग दुसरी. पात्यांच्या मध्ये गवताचा एक गोळा अडकवल्यासारखा दिसत होता. त्याच्या शेजारी पिल्लं बसली होती. फिकी, मळक्या हिरव्या रंगाची, कुशीवर पट्टे नसलेली, चोच काळी. ती पंख थरथरवत चोच उघडत होती आणि मोठी मुनिया त्यांना भरवत होती. एक पिल्लू बाकीच्यांपेक्षा अशक्त होतं, त्याला पात्यावर नीट बसताही येत नव्हतं.

मी रडले. तुझ्या अंगावर पांढरं कापड टाकलं तेव्हा रडले नव्हते इतकी रडले. नरसिंगानं दुसरीकडं तोंड फिरवलं.

“ही जागा अक्काला कुणी दाखवली?”

“मी. माझ्या बापाची जागा. पहिल्यापास्न इथंच वितात ती.”

“अक्का मला इथं कधीच का घेऊन आली न्हाई?”

तो गवताची काडी मोडत राहिला. मी परत विचारलं, तेव्हा म्हणाला, “त्या म्हणाल्या होत्या, माझ्या बहिणीला दाखवू नगंस. तिच्या घरात टिप्पर हायत.”

तर हे असं. मी तुझ्यावर रागावले, अक्का, तिथंच बसून, तू जाऊन पंधरवडाही झाला नव्हता तेव्हा. तू एका पाखरं चोरणाऱ्यावर भरोसा ठेवलास आणि माझ्यावर नाही. घरी येईपर्यंत मी तुझ्याशी भांडत होते. मग हळूहळू दिसलं की तू हिशेब बरोबरच मांडला होतास. तो बोलला तर स्वतःच अडकला असता. मी बोलले असते तर माझ्या घराचा फायदाच झाला असता. तुझ्या जागी मी असते तर मीही त्यालाच निवडलं असतं. पण मी तुझी बहीण होते. त्यासाठी एखादी चूक करायला काय हरकत होती?

आणि तरीही, त्याची गोष्ट ही त्याच्या तोंडची आहे. तुझ्या तोंडची माझ्याकडं एकच ओळ आहे, पोरींना दाखवायला, प्रॅक्टिकल हाय. ती तर खोटीच निघाली. पिल्लं तिथं जन्मली हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांचे आईबाप तिथलेच, की तू कुठून तरी आणलेले, हे मला कोण सांगणार? नरसिंगाला तो रिकामा पिंजरा मी दिला नाही. मीच तो मोडला, आणि तारा भंगारवाल्याला न देता तलावाच्या वाटेवरच्या आडात टाकल्या. त्याला विचारलं, “आता धरतोस का?” तो म्हणाला, “न्हाई.” मी त्याच्या धोतराकडं बघितलं. कुसळी होती, पण माझ्याही लुगड्याला होती.

मुदखेडला परतले तेव्हा हे जेवत होते. म्हणाले, “आता अक्का गेल्या. अर्ज करणारंच माणूस न्हाई म्हणल्यावर साहेब परकरण बंद करतेत. पुन्यांदा तपासणीला यायलेत, पण नावाला.”

मी ताटात भाजी वाढली. “तो अर्ज मी माझ्या नावानं दिलाय.”

ह्यांनी घास तसाच धरून ठेवला. “कवा?”

“आज. येताना.”

“मला इचारलं बी न्हाईस.”

“न्हाई.”

“माझ्यावर भरोसा न्हाई का तुझा?”

हा प्रश्न मी आयुष्यात त्यांना कधी विचारू दिला नव्हता. वाईट माणूस नाहीत ते, तुलाही माहीत आहे. तुझ्या मागच्या आजारपणात रक्त द्यायला सगळ्यात आधी तेच उभे होते. पण मी भाकरी आणायला उठले, आणि त्यांनी तेच उत्तर समजून घेतलं.

तपासणीच्या दिवशी मी साहेबांना तुझ्या पुढच्या उतारावरून वर नेलं आणि पलीकडं उतरवलं. मागून क्रशरचा मॅनेजर आला, त्याची माणसं आली, आणि त्यांच्यात हेही होते. क्रशरचा नवा रस्ता त्याच तलावाच्या काठानं आखला होता, हे मला तिथं जाऊन चुन्याच्या खुणा बघितल्यावर कळलं. म्हणजे इथं आणून मी पिल्लं वाचवून राहिले की त्यांची जागा सगळ्यांना दाखवून राहिले, हे मलाच कळेना. तू असतीस तर यातल्या अर्ध्या माणसांना पायथ्याशीच थांबवलं असतंस. मला ते सुचलं नाही.

साहेबांनी दुर्बीण लावली. बरीच पिल्लं उडून गेली होती. ते अशक्त पिल्लू मात्र अजून पाणकणसात होतं, पात्याला बिलगून. मोठी मुनिया आली आणि त्याला भरवून गेली. साहेब बराच वेळ बघत राहिले.

मॅनेजर म्हणाला, “साहेब, हे बी मॅडमनंच आणून सोडलं असंल.”

“काळ्या चोचीचं पिल्लू कुणी इकत न्हाई,” मी म्हणलं. “ते अजून आईच्या तोंडचं खाऊन राहिलंय. ते हितलंच हाय.”

त्यात एकही शब्द खोटा नव्हता. बाकीचं मी बोलले नाही.

साहेबांनी मॅनेजरला विचारलं, “ह्या बाई कोण?” मॅनेजरनं ह्यांच्याकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. हे म्हणाले, “माझी मालकीण हाय.” आणि रुमालानं मान पुसली. एवढंच. ते त्यांनी अभिमानानं म्हटलं की शरमेनं, मी अजून ओळखू शकले नाही.

निकाल वरून यायचाय. तोपर्यंत रस्त्याचं काम बंद, असं साहेबांनी तोंडी सांगितलं. मॅनेजरनं घासाघीस केली. तेव्हा साहेब म्हणाले, बाकीचं बघू, पण निदान ते पिल्लू उडून जाईपर्यंत इथं कुणी मशीन आणायचं नाही. मॅनेजरनं मान हलवली. ती कशी हलवली, ते मी बघितलंय.

त्यानंतर मी रोज सकाळी जाते. मुदखेडहून पहिल्या गाडीनं, आणि स्टेशनवरून सरळ कधीच नाही.

काल संध्याकाळी हे माझ्याजवळ येऊन बसले. मग टीव्हीचा आवाज कमी केला आणि विचारलं, “ते पिल्लू… उडालं का गं?”

आवाज मऊ होता. खरोखर त्या पिल्लासाठी विचारलं असेल. नाहीतर कुणीतरी विचारून घ्यायला सांगितलं असेल. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. इतक्या वर्षांचा संसार, आणि मला त्या तोंडावरचं काही वाचता येईना.

“अजून न्हाई,” मी म्हणलं.

अक्का, ते सकाळीच उडालं. मी बघत होते. आधी खाली पडल्यासारखं झालं, मग पाण्यावरून सरळ गेलं आणि डोंगराच्या गवतात उतरलं. हे फक्त तुला सांगितलंय.